बोहारणीने नाकारलेले लुगडे

दिवाळीची साफसफाई म्हणजे आमच्या घरी कपाटांची झडती. यंदा तीत कैलासवासी आईचे एक सुती लुगडे निघाले. पार विरलेले, मध्ये दंड घातलेला, एका टोकाचा हातभर तुकडा कातरलेला. बोहारणीने ते बोटाच्या चिमटीत धरून परत केले.

मी म्हटले, "पायपुसणं करा त्याचं."

"मुळीच नाही. 'गूंज'ला पाठवायचंय," सौ. म्हणाली.

"असलं फाटकं द्यायला लाज नाही वाटत?"

"धुऊन दिलं तर कसली लाज? विरलेलं सुतीच त्यांना लागतं."

मग मला सारे ऐकावे लागले. १९९९ साली अंशू गुप्ता यांनी दिल्लीत 'गूंज' सुरू केली, ती घरच्या ६७ कपड्यांवर. २०१५ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शहरांतले जुने कपडे ही संस्था खेड्यांत नेते, पण भीक म्हणून नव्हे. गावकरी आपल्याच गावची विहीर उपसतात, रस्ता दुरुस्त करतात, आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून कपडे घेतात.

विरलेल्या सुती साड्या-चादरींची वाट वेगळी. संस्थेतल्या बायका त्या धुऊन वाळवतात, गुंड्या-हुक काढतात आणि कापून महिन्याच्या त्या चार दिवसांसाठी घड्या तयार करतात. त्यांना त्यातून रोजगार मिळतो. आणि जिच्याजवळ अंगावरच्या लुगड्याखेरीज चिंधीही नाही, तिला स्वच्छ कापड मिळते. एरवी तिच्या नशिबी राख, वाळू, नाहीतर गोणपाट!

ऐकता ऐकता माझी नजर त्या कातरलेल्या टोकाकडे गेली. लहानपणी आम्हांला एवढेच ठाऊक, की आईला कावळा शिवला. ती बाहेर बसे. आम्ही हाताने वाढून घेत असू. तिला पुरेसे कापड आहे का, हा प्रश्न घरातल्या एकाही पुरुषाला पडला नाही. मलाही नाही. नेसत्या लुगड्याला तिने कात्री का लावली, हे कळायला मला म्हातारपण यावे लागले.

वाचकहो, फराळाची ताटे मांडण्यापूर्वी एकदा कपाट उघडा. विरलेले सुती कापड पायपुसण्याला काढू नका. स्वच्छ धुवा, वाळवा, निराळे बांधा. आणि हे काम एकट्या बायकोवर टाकू नका. आईच्या लुगड्याची घडी यंदा मी घातली.