रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. विषय थोडा तांत्रिक आहे, पण आत्या, तू मध्येच सोडू नकोस. तुझ्या नातवाचीच गोष्ट आहे.

गेल्या पावसाळ्यात तो लातूरला वसतिगृहात होता. संस्थेचं नाव सांगत नाही. मुख्य कार्यालय नांदेडला, शाखा लातूरला, अशा संस्था कमी का आहेत? एका रात्री लातूरच्या शाखेत कुठल्याशा व्हायरसने धुमाकूळ घातला. सकाळी नांदेडला जमा होणारा डीएनएसचा लॉग उघडला गेला. व्हायरस ज्या पत्त्यावर निरोप पाठवत होता, तो पत्ता विचारणारा एकच लॅपटॉप त्यात सापडला. आमच्या लेकराचा. झालं! वसतिगृहातून काढायची भाषा सुरू झाली.

ताईचा फोन आला. मी सकाळची एसटी पकडली आणि लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर गाठलं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. तुम्ही एखाद्या संस्थळाचं नाव टाइप केलंत की संगणक आधी डीएनएस सर्व्हरला विचारतो, "याचा आकडी पत्ता काय?" व्हायरसलाही बहुतेक वेळा हेच विचारावं लागतं. म्हणून कोणी, कधी, काय विचारलं याची वही फार मोलाची. पण वही पूर्ण असेल तर!

लातूरचा सर्व्हर प्रत्येक प्रश्नाची एक ओळ यूडीपीवरून नांदेडला पाठवत होता. यूडीपी म्हणजे साधं पोस्टकार्ड. पोचलं तर पोचलं, पोच कोणी मागत नाही. त्या रात्री प्रश्नांचा पूर आला, लाइन तुंबली आणि बहुतेक पोस्टकार्डं वाटेतच गेली. मूळ प्रत लातूरच्या मशीनवर होती, पण फाइल ठरावीक आकाराची झाली की सगळ्यात जुनी पुसायची, अशी मांडणी. एरवी दोन-तीन दिवस पुरणारी जागा त्या रात्री तासाभरात भरली. म्हणजे गंमत बघा, ज्या रात्रीसाठी वही ठेवली, त्याच रात्रीची पानं वहीनेच खाल्ली.

पोरगा वाचला तो एका आलेखामुळे. बाइंड नावाचा डीएनएस सर्व्हर एकूण किती प्रश्न आले याची बेरीज वेगळी ठेवतो. ती दर पाच मिनिटांनी टिपायची सोय कोणीतरी कधीकाळी करून ठेवली होती. देव त्याचं भलं करो. बेरीज लाखांत, लॉगमधल्या ओळी काही हजार! मी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि विचारलं, "बाकीच्या ओळी कुठायत?" उत्तर नव्हतं. त्याच्या लॅपटॉपला लागण झाली होती का? झाली असेलही. पण आणखी किती जणांना झाली, पहिला कोण, हे सांगणारी पानंच नव्हती.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला तर अतिवृष्टी धरतात. मोजणी बंद पडली आणि रकाना रिकामा राहिला, तर तो शून्य म्हणून वाचायचा का? तसा वाचला तर गावात बोंबाबोंब होईल. मग सर्व्हरच्या खोलीत तोच हिशेब आपण निमूटपणे कसा मान्य करतो?

सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत १८० दिवसांचे लॉग सुरक्षित ठेवायला सांगितलंय, घड्याळं जुळवायला सांगितलंय, घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायला सांगितलंय. चांगलंच आहे. पण आमच्या लोकांनी त्यातून काय घेतलं? मोठी डिस्क घ्या! १८० दिवसांच्या फाइली दिसल्या की तपासणी झाली. फाइलच्या आत किती आहे आणि किती हरवलंय, हे कोण बघतो? कोणी नाही. मीही नाही, हे कबूल करतो. वीस वर्षांत मी स्वतः कितीतरी ठिकाणी हीच पोस्टकार्ड योजना लावून दिली आहे.

यावर माझे मित्र म्हणतात, "अरे, डीएनएसचं काम उत्तर देणं. लॉगसाठी सर्व्हर थांबवायचा का?" मुळीच नाही. डीएनएसटॅप ही सोय नेमकी तेच करते. बफर भरला की नोंद सोडते, उत्तर अडवत नाही. माझी तक्रार हरवण्याबद्दल नाहीच, चोरून हरवण्याबद्दल आहे. पान फाटलं तर 'इथे पान फाटलं' असं लिहा ना!

आणि हे अवघडही नाही. पाठवणाऱ्या मशीनवर डिस्कवरची रांग ठेवा, म्हणजे लाइन तुटली तरी ओळी थांबून राहतील. नुसत्या टीसीपीवर विसंबू नका, जोडणी तुटताना वाटेतल्या ओळी तिथेही जातात. प्रत्येक नोंदीची पोच देणारी रेल्पसारखी पद्धत घ्या. आणि दर तासाला सर्व्हरची बेरीज आणि पोचलेल्या ओळी ताडून पाहा. फरक पडला तर तो फरकही लॉगमध्येच नोंदवा.

आणखी एक. डीएनएसचा लॉग म्हणजे माणसाची डायरीच असते. रात्री दोन वाजता कोणी कुठल्या आजाराचं संस्थळ उघडलं, हेही त्यात दिसतं. तेव्हा ती कोणी उघडायची हे ठरवा, आणि मुदत संपली की पुसा. अर्धवट वही सगळ्यांसमोर वाचून दाखवणं हा तर दुहेरी गुन्हा.

असो. लेकरू वसतिगृहातच राहिलं. माफी मात्र कोणी मागितली नाही. त्यांच्या वहीत तोही रकाना रिकामाच असणार.

तुमच्यापैकी जे सर्व्हर सांभाळतात त्यांनी आज एवढंच करा, कालच्या एका तासाची बेरीज आणि ओळी ताडून बघा. आकडे जुळले तर मला जरूर कळवा. नाही जुळले तर आधी स्वतःला कळवा :)