दिव्यांग प्रमाणपत्रात टक्के कमी पडले, तर न्यायालय काय पाहते?

पक्षाघाताच्या रुग्णांचे नातेवाईक सावर्ड्यात हमखास विचारतात : "डॉक्टर, बोर्डाने ३५ टक्केच दिले. कोर्टात जाऊया का?" प्रश्न रास्त आहे. ४० टक्के नसतील तर संजय गांधी निराधार योजनेचे दरमहा २५०० रुपयेही हुकतात.

पण पहिली पायरी कोर्ट नव्हे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम ५९ नुसार आधी अपील प्राधिकरणाकडे दाद मागायची. त्यासाठीची मुदत राज्य सरकारच्या नियमांनुसार ठरते. नकाराची कारणे लेखी मागून घ्या; तोंडी उत्तरावर घरी परतू नका. (अर्ज उत्पन्नामुळे नाकारला असेल तर हा मार्ग नव्हे, तहसील कार्यालयात चौकशी करा.)

ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात महत्त्वाचा निकाल दिला. वाचा-भाषा दोषाचे ४०हून जास्त टक्के असल्याने त्याला एमबीबीएसचा प्रवेश नाकारला होता. न्यायालय म्हणाले, नुसत्या टक्क्यावर अडवता येणार नाही; तो शिकू शकेल का, हे मंडळाने तपासून कारणांसह लिहावे. या निकालाने सवलतींसाठीची ४० टक्क्यांची अट गेलेली नाही, हे मात्र लक्षात घ्या. तुमच्या कामाची गोष्ट वेगळी आहे : न्यायाधीशांनी स्वतः टक्के मोजले नाहीत. दिल्लीतील दुसऱ्या वैद्यकीय मंडळाकडून त्याची तपासणी करून घेतली आणि त्या मतावर विसंबले.

म्हणजे अखेर डॉक्टरांचे कागदच बोलतात. डिस्चार्ज कार्ड, एमआरआय, फिजिओथेरपीच्या नोंदी तारखेनुसार लावा. आम्ही डॉक्टर घाईत 'उजव्या अंगात अशक्तपणा' एवढेच लिहितो. त्यातून काय कळणार? सदऱ्याचे बटण लावता येते का, घास तोंडापर्यंत जातो का, आधाराशिवाय किती पावले चालता येते, हे लिहून मागा. तो तुमचा हक्क आहे.

अपीलही फेटाळले तर उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. १८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी जिल्ह्यासाठी कोल्हापूरचे सर्किट बेंच आहे, त्यामुळे मुंबईच्या फेऱ्या टळतात. वकिलाच्या फीची धास्ती असेल तर चिपळूणच्या तालुका विधी सेवा समितीत विचारा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार दिव्यांग व्यक्तींना मोफत वकील मिळतो.