घशातल्या फोडांना माता म्हणू नका

लेकराला एकाएकी सणसणून ताप भरतो, लाळ गळते, घोटभर पाणी गिळतानाही ते रडते. बॅटरी लावून पाहिले तर पडजिभेच्या आजूबाजूला बारीक पांढुरके फोड, कडेने लाल. हा हर्पांजायना, कॉक्सॅकी गटातल्या विषाणूंमुळे होणारा आजार. तळहात-तळपायांवरही पुरळ आले तर त्याचाच भाऊबंद.

धारणीच्या आपल्या वस्त्यांत फोड दिसले की अजून 'माता आली' म्हणणारे आहेत. मग आंघोळ बंद, दवाखाना बंद, दारात कडुनिंब. देव्हारा काढून दोन पिढ्या झाल्या, पण ही माता घरातच राहिली, हे आम्हाला खटकते. देवीचा रोगसुद्धा 1980 साली जगातून संपल्याचे जाहीर झाले. तोही लसीने संपला.

दुसरीकडे, ताप आला की सुई मारून द्या म्हणणारेही आपणच. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. ताप बहुधा दोन-चार दिवसांत उतरतो, फोड आठ-दहा दिवसांत आपोआप भरतात. तापाला वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल पुरे. डिस्प्रिन मात्र लेकराला देऊ नका. मेळघाटात मलेरिया आहे, म्हणून रक्त तपासून घ्यावेच.

खरी भीती अंगातले पाणी कमी होण्याची. घसा दुखतो म्हणून लेकरू खात नाही, पीत नाही. मेळघाटातले कुपोषण 1993 पासून कोर्टात गाजते आहे. इथल्या कमी वजनाच्या पोराला चार दिवसांचा उपास झेपत नाही. चमचा-चमचा गार पाणी, दूध, ओआरएस, बिनतिखटाचे पातळ वरण देत राहा. तान्ह्याला ओढता येत नसेल तर आईचे दूध काढून वाटी-चमच्याने पाजा.

लाळेतून आणि शौचातून हा आजार पसरतो. शी धुतल्यावर साबणाने हात धुवा. सॅनिटायझरचा यावर फारसा उपयोग नाही. अर्थात साबणाला पाणी लागते. नळ दिवसाआड येणाऱ्या वस्तीला स्वच्छता शिकवणाऱ्यांनी आधी नळाचे बोलावे, आणि वॉर्डाच्या सभेत आपणही तेच विचारावे.

सहा-आठ तास लघवी नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, लेकरू मलूल पडले, झटका आला, मान ताठ झाली किंवा ताप तीन दिवसांपुढे गेला, तर उजाडायची वाट न पाहता 108 ला फोन करा आणि धारणीचे उपजिल्हा रुग्णालय गाठा.