शिष्यवृत्तीच्या यादीवरून पोरांची बुद्धी ठरवू नका

फलटण शहर आणि तालुक्यातील पालकांनो, शिक्षकांनो,

शिष्यवृत्ती परीक्षेचा निकाल लागला की चौकाचौकात फ्लेक्स लागतात. यादीत आलेली मुलं कष्टाळू आहेत, त्यांचं कौतुक व्हायलाच हवं. पण यादीत न आलेल्या पोराला घरी-दारी ऐकवलं जातं, "तुझं डोकंच चालत नाही." हे खोटं आहे, आणि त्याविरुद्ध हे पत्रक आहे.

300 गुणांच्या परीक्षेत 100 गुण 'बुद्धिमत्ता चाचणी'चे. त्यात संख्यामाला, सांकेतिक भाषा, आरशातली प्रतिमा, दिनदर्शिका असे ठरलेले प्रकार येतात. त्यांची मार्गदर्शकं मिळतात, सराव संच मिळतात, जादा तास होतात. सरावानं गुण वाढतात हे प्रत्येक शिक्षक जाणतो. मग वर्षभर क्लास लावलेलं पोर आणि गोल रंगवायची उत्तरपत्रिका पहिल्यांदाच हातात घेतलेलं पोर, यांच्या गुणांतला फरक बुद्धीचा कसा? तो सरावाचा आहे, आणि सरावाला पैसे पडतात. त्यात एका पेपरला 90 मिनिटांत 75 प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला 72 सेकंद. सावकाश, खोलात शिरून विचार करणारं पोर इथं मागंच पडणार.

भाषेचं तेच. मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणच्या बोलण्यावर 1973 साली पीएच.डी.चा प्रबंध लिहिला. एकाच गावात किती तऱ्हेची मराठी नांदते, हा त्याचा विषय. पुढं त्यांनी इथंच प्रगत शिक्षण संस्था उभी केली. पेपर मात्र एकाच छापील मराठीत येतो. घरी 'आमास्नी', 'म्या' बोलणाऱ्या पोराला प्रश्न आधी उलगडावा लागतो, मग सोडवावा लागतो. त्यासाठी जादा वेळ कुणी देत नाही.

अलीकडे ही परीक्षा बहुधा फेब्रुवारीत झाली, ऐन गाळप हंगामात. बीडकडून आलेल्या ऊसतोड कुटुंबातली पोर तेव्हा फडाच्या कडेला कोपीत धाकट्या भावाला सांभाळत असते. मेंढरं घेऊन कोकणात उतरलेल्या वाड्यावरचं पोर तिकडं असतं. ही मुलं परीक्षेलाच नसतात. त्यांना कोणत्या तोंडानं 'कमी' म्हणायचं?

1905 साली पॅरिसमध्ये मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांनी बुद्धिमत्तेची अशी पहिली चाचणी बेतली ती मागं पडणाऱ्या मुलांना शोधून मदत करण्यासाठी. बुद्धी म्हणजे जन्माची ठरलेली रक्कम नव्हे, असं ते बजावून सांगत. आपण त्यांचं हत्यार उलटं धरलं आहे.

काहीजण म्हणतात, परीक्षा सर्वांना सारखी आहे, वशिला चालत नाही. तपासणीपुरतं ते खरं आहे, आणि ते मोलाचं आहे. पण तयारी सारखी नव्हती, ती उणीव तपासणीनं भरून निघत नाही.

2016-17 पासून ही परीक्षा चौथी-सातवीवरून पाचवी-आठवीला गेली, आता पुन्हा चौथी-सातवीला येते आहे. इयत्ता बदलल्या, परीक्षा नेमकं काय मोजते याची चर्चा झालीच नाही. ती आता फलटणपासून सुरू करू.

शाळांनी निवडक मुलांची वेगळी तुकडी काढू नये, सराव सगळ्या वर्गाला आणि फुकट द्यावा. शिक्षकाचं काम यादीतल्या नावांवरून जोखू नये. स्थलांतरित मुलांना ती असतील तिथल्या केंद्रावर बसू द्यावं. पालकांनो, येत्या पालकसभेत हे तीन ठराव मांडा आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या.

फलटणमधील काही पालक आणि शिक्षक