पडलेल्या विमानांनाही गुण द्या

विज्ञान प्रदर्शनात रंगवलेल्या विमानाला बक्षीस मिळते. पडलेल्या विमानाची वही कोणी उघडत नाही. हे मला पटत नाही.

छंदी विमानकारांना गुरुस्थानी असलेले अमेरिकन धातुशास्त्रज्ञ मेनार्ड हिल २०११ साली वारले. उतारवयात दृष्टी जवळजवळ गेली, तरी त्यांचे विमाने बांधणे सुटले नाही. ऑगस्ट २००३ मध्ये त्यांचे ‘टॅम-५’ न्यूफाउंडलंडहून निघाले आणि सुमारे ३९ तासांनी आयर्लंडला पोचले. वजन इंधनासह पाच किलोंच्या आत, म्हणजे घरातली तांदळाची पिशवीच! त्यातले निम्म्याच्या आसपास इंधन. वाट उपग्रहांच्या संकेतांवर, उतरवले सहकाऱ्याने.

नावातला पाचचा आकडा पाहा. आधीची विमाने पोचलीच नव्हती.

शिक्षकांनी गुणपत्रिकेत अशा विमानांसाठी रकाना ठेवावा. माझ्या मते, दहापैकी चार गुण.