कपाटातलं पिस्तूल

रविवारी ह्यूस्टनहून भाच्याचा फोन आला. त्याने दुसरं पिस्तूल घेतलं. पहिलं चोरासाठी होतं, हे म्हणे सरकारसाठी! "मामा, व्हाइसरॉय लिटनने 1878 चा कायदा करून आपली हत्यारं काढून घेतली नसती ना, तर इंग्रज टिकलेच नसते." म्हटलं, बाबा रे, 1857 ला होती की हत्यारं! तर म्हणे, तो विषय वेगळा. अडचणीचा विषय नेहमी वेगळाच असतो.

मग त्याला इराक ऐकवला. सद्दामच्या राज्यात बंदुकांना तोटा नव्हता. लग्नातसुद्धा हवेत बार काढायचे. 2003 मध्ये अमेरिकी फौजांनीही घरटी एक कलाश्निकॉव्ह ठेवू दिली. काढून घेणार तरी किती? एवढं असून सद्दाम 24 वर्षं राहिला. 1991 मध्ये बसरा, करबला हत्यारांनिशी उठले. वरून हेलिकॉप्टरं आली, आणि उठाव चिरडला गेला.

आता सर्बिया बघा. युद्धांमुळे तिथेही घराघरांत हत्यारं. सप्टेंबर 2000 मध्ये तिथला सत्ताधीश मिलोसेविच निवडणूक हरला, पण खुर्ची सोडेना. कोलुबाराच्या खाणकामगारांनी बंदुका बाहेर काढल्या नाहीत, काम बंद केलं. देशाची जवळपास निम्मी वीज त्यांच्या कोळशावर. पोलीस खाणीत घुसले, तशी आसपासच्या गावांतली माणसं धावून आली आणि पोलिसांची फळी फुटली. 5 ऑक्टोबरला बेलग्रेडमध्ये संसद लोकांच्या ताब्यात होती. त्या दिवसाची खूण म्हणून लोकांच्या लक्षात राहिला तो माती उचलायचा लोडर. दुसऱ्या दिवशी मिलोसेविचने हार कबूल केली.

माझं जुनं तुणतुणं तुम्हाला पाठ आहे: हुकूमशहा बंदुकीवर नाही, हजेरीपटावर जगतो. कारकून, ड्रायव्हर, खाणकामगार रोज कामावर येतात, म्हणून तो असतो. आमच्या सोसायटीचे चेअरमनही असेच अकरा वर्षं टिकलेत, आणि त्यांच्याकडे तर साधी काठीसुद्धा नाही.

युक्रेनचं काय, असं विचाराल. 2022 मध्ये कीव्हमध्ये नागरिकांना रायफली मिळाल्या, खरं आहे. पण त्या सरकारनेच वाटल्या, आणि पुतिनची फौज आत शिरल्यावर. त्यांना भिऊन तो थांबला नव्हता.

शेवटी भाच्याला विचारलं, मतदान केलंस का? म्हणाला, "मामा, अजून ग्रीन कार्डच आहे." तिथे ग्रीन कार्डावर पिस्तूल मिळतं, मत मिळत नाही. म्हटलं, आधी नागरिकत्वाचा अर्ज भर. तिसरं पिस्तूल मग बघू.