जकातीची रापण

रमजान आला की आपल्या वस्त्यांमध्ये दानाचा ओघ सुरू होतो. मदरशांचे सफीर पावतीपुस्तकं घेऊन येतात, मशिदीच्या पायरीवर गरजू बसतात, मुंबई-दुबईचे चाकरमानी घरी पैसे धाडतात. कुणाला शंभर, कुणाला पाचशे. ईद झाली की ओघ आटतो. पुढच्या वर्षी तीच माणसं पुन्हा त्याच दारात उभी राहतात. आपण देतो भरपूर, पण एकेकटे देतो. गरिबी हटत नाही, त्याचं एक मोठं कारण हे आहे, असं माझं मत आहे.

सूरह तौबाच्या 60व्या आयतीत जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत. फकीर आणि मिस्कीन यांच्या पाठोपाठ तिसरं नाव येतं ते जकात गोळा करून वाटणाऱ्या कर्मचाऱ्यांचं. ज्याने त्याने आपापल्या उंबऱ्यावर वाटून मोकळं व्हावं, एवढंच अभिप्रेत असतं तर त्यांचा हिस्सा कशाला ठेवला असता? जकात ही मुळातच सामुदायिक व्यवस्था आहे. बैतुलमाल हा शब्द आपण खुतब्यात ऐकतो, पण व्यवहारात विसरलो.

साधा हिशोब करू. 87.48 ग्रॅम सोनं किंवा 612.36 ग्रॅम चांदीच्या किमतीएवढी शिल्लक वर्षभर राहिली, तर अडीच टक्के जकात. चार लाख शिल्लक असेल तर दहा हजार. ते वीस जणांत वाटले तर प्रत्येकाला पाचशे, म्हणजे चार दिवसांचं वाणसामान. अशी दहा घरं एकत्र आली की लाख रुपये होतात. कुडाळला किंवा कोल्हापूरला शिकायला गेलेल्या मुलींच्या खोलीभाड्याला आणि मेसला ते खरोखर उपयोगी पडतात.

मी मुलींचंच का बोलते? कारण गळती माझ्या डोळ्यांसमोर होते. एसटीचा पास मुलींना बारावीपर्यंत मोफत आहे, त्यामुळे देवबागहून मालवणला जाणं जमतं. प्रश्न त्यानंतरचा. आमच्या देवबागच्या एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी. पर्यटनाने ज्यांची जागा किंवा बोट होती त्यांना हात दिला. बाकीचे तिथेच भांडी घासतात, चादरी धुतात. 1 जूनपासून मासेमारी बंद, पावसाळ्यात बोटिंग आणि स्कूबाही बंद. नेमकी तेव्हाच कॉलेजांची प्रवेशफी भरायची असते. शिष्यवृत्ती मिळाली तरी ती नंतर येते. जून-जुलैत दहा-पंधरा हजार हाताशी नाहीत, एवढ्यावर मुलीचं शिक्षण थांबतं आणि लग्नाची बोलणी सुरू होतात. सच्चर समितीने 2006 मध्ये लिहिलं होतं की सहा ते चौदा वयाची एक चतुर्थांश मुस्लिम मुलं एकतर शाळेत गेलीच नाहीत किंवा शाळा सोडून बसली. शाळेची ही गत, तर बारावीनंतर काय!

मिळून देण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. डॉ. बाबा आढाव, डॉ. श्रीराम लागू, डॉ. नरेंद्र दाभोलकर या मंडळींनी सामाजिक कृतज्ञता निधी उभारला. नामवंत कलावंतांनी 'लग्नाची बेडी'चे प्रयोग करून पैसा जमवला आणि त्यातून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळू लागलं. दिल्लीत 1997 मध्ये सुरू झालेली झकात फाउंडेशन ऑफ इंडिया जकातीच्या पैशातून मुलांना नागरी सेवेच्या परीक्षेसाठी तयार करते. आपल्याला एवढं मोठं काही उभारायचं नाही. कृतज्ञता निधी ठेवींच्या व्याजावर चालला. आपल्याला व्याज चालणार नाही आणि जकात साठवून ठेवायचीही नसते. त्या वर्षीची त्या वर्षी वाटायची.

यंदा मी अशाच एका छोट्या गटात सामील झाले. शिक्षक, आखातातले नोकरदार, एक-दोन दुकानदार. नियम मोजकेच. जकातीचं खातं वेगळं, सदक्याचं वेगळं. जकात गरजूच्या मालकीची व्हायला हवी, म्हणून रक्कम मुलीच्या खात्यावर जाते आणि फी ती भरते. निर्णय तिघांचा, त्यात एक बाई असलीच पाहिजे. हिशोब सगळ्यांना दिसतो, घेणाऱ्याचं नाव मात्र तिघांपलीकडे जात नाही. फोटो काढायचा नाही.

"उजव्या हाताने दिलेलं डाव्याला कळू नये," असं म्हणून काहीजण गटापासून लांब राहतात. पण गुप्तता घेणाऱ्याच्या अब्रूसाठी हवी, हिशोब लपवायला नव्हे. दुसरा प्रश्न, फक्त आपल्याच लोकांना का? जकातीला शरियतच्या अटी आहेत, सदक्याला ती आडकाठी नाही. शेजारच्या गाबिताच्या मुलाची फी अडली तर सदक्याचं खातं त्याच्यासाठीही आहे. आणि सरकारची जबाबदारी? ती आहेच, मागत राहू. पण प्रवेशाची तारीख आपल्यासाठी थांबत नाही.

आपल्या किनाऱ्याला हे समजावून सांगायची गरज पडू नये. रापण एकट्याने ओढली जात नाही. दोन्ही टोकांना माणसं लागतात, बायकाही लागतात, आणि जाळं वर आलं की हात लावणाऱ्याला वाटा मिळतो. मासळीसाठी जे आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलो, ते जकातीसाठी का जमू नये? रमजानची वाट बघू नका. शाबानमध्येच चार घरं एकत्र बसा, वही उघडा आणि आपल्या गावातली कोणती मुलगी जूनमध्ये अडणार आहे, ते आधी विचारा.